शाळेत मुलं खरोखर किती हलतात, हे मोजायचं कसं?

मेधा_विक्रोळी

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे, पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत. यंदा मी पालक-शिक्षक संघात आहे. मागच्या सभेत मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, शाळेला एक ऑनलाइन माहिती भरून द्यायची आहे आणि त्यात मुलं रोज किती वेळ शारीरिक हालचाल करतात हा प्रश्न आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "लिहा की साठ मिनिटं, सगळ्या शाळा तेच लिहितात." बाई म्हणाल्या, "खरा आकडा काढून द्या, मी तोच भरेन." ते काम मी मागून घेतलं, कारण हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस आहे.

कागदावर हिशेब सोपा आहे. सहावीला आठवड्यात पीटीचे दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटं. झाली ७० मिनिटं. पण मंगळवारचा तास मी दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. घंटा झाल्यावर आधीच्या बाईंचं फळ्यावरचं उतरवून घेणं चाललं होतं. मग दोन-दोनची रांग, आवाज न करता जिना, खाली हजेरी. मैदानाचा अर्धा भाग नववीकडे. शाळेच्या बसेस लागतात ती कड सोडायची. सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्या सगळ्यांनी मारल्या. मग मुलग्यांना क्रिकेट, मुलींना डॉजबॉल. माझी लेक पहिल्याच फेकीत बाद झाली आणि पायरीवर जाऊन बसली. तिच्याशेजारी एकेक करत निम्म्या मुली जमल्या. डाव संपेपर्यंत त्या तिथेच होत्या. घंटेच्या आधी पुन्हा रांगा लागल्या.

आणखी एक गोष्ट वरून दिसली. पीटीचा ड्रेस फक्त शनिवारी घालायचा असतो. मंगळवारी मुली पिनाफोर आणि काळ्या चामडी बुटांत होत्या. त्या कपड्यांत पळताना एका हाताने घेर धरावा लागतो.

आता सांगा, मी मोजू काय? वेळापत्रकातली मिनिटं, मैदानावरची मिनिटं, की माझी लेक प्रत्यक्ष हलली ती मिनिटं? मधली सुट्टी धरायची का? प्रार्थनेनंतरची कवायत? तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना? घड्याळासारखी यंत्रं मुलांच्या हातात बांधणं आम्हाला परवडणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

परळचे_पीटी_सर

मेधाताई, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. गिरणगावातल्या शाळेत मी आयुष्यभर पीटी शिकवली, आता निवृत्त आहे. पालक पीटीच्या तासाला व्हरांड्यात येऊन उभे राहतात ते बहुतेक 'माझ्या मुलाला ऊन लागतंय' हे सांगायला. तुम्ही पायरीवर बसलेल्या मुली बघितल्यात.

मोजमाप तिथूनच सुरू करा. जे मूल कमी हलतं ते मोजा. संघातली पोरं कुठेही पळतातच, शाळेत नाही तर संध्याकाळी गल्लीत पळतील. मुंबईत शाळेचा खेळ म्हटलं की हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांचं नाव निघतंच, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची नाबाद भागीदारी झाली, तेव्हा पुढच्या क्रमांकाचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. त्याला पुढे सामने मिळाले, मुंबईसाठी तो ढिगाने धावा करून गेला. आमच्या वर्गात पॅडशिवाय बसून राहणारी पोरं असतात आणि त्यांचा नंबर दहावीपर्यंत येत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात ढाली किती, यावरून शाळा मुलांना किती खेळवते ते कळत नाही. पंधरा पोरांचा संघ ढाल आणतो, पट बाराशेचा असतो.

आता तासाचं सांगतो. कुठला खेळ घेतला यावर निम्मा हिशेब ठरतो आणि हे पीटीच्या माणसाशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. खो-खो घ्या. आपला खेळ, माझा आवडता खेळ. पण पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ चौकोनात बसलेले असतात आणि एक पळतो. समोरचे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. म्हणजे एका क्षणी मैदानावर चार जण धावताहेत. सामन्यासाठी ते योग्यच, तिथे बसणाराही तयारीत असतो, खो मिळाला की उसळतो. पण ४५ मुलांच्या वर्गाला एकच पाटी आखून दिलीत तर चार धावतात आणि बाकीचे बघतात. म्हणून मी जागा असेल तेव्हा तीन छोट्या पाट्या आखायचो, एकेका बाजूला पाच-पाच पोरं. खांब नसला तर दप्तर ठेवायचं. डॉजबॉलमध्ये बाद होणाऱ्याला बाहेर बसवायचं नाही, त्याने पलीकडच्या बाजूने चेंडू टाकायचा. क्रिकेट मी पीटीच्या तासाला कधीच घेतलं नाही. पोरं रडायची, तरी नाही. ३५ मिनिटांत एकाला फलंदाजी, एकाला गोलंदाजी आणि बाकी सगळे उभे.

लेझीम, सूर्यनमस्कार, दंड-बैठका या जुन्या गोष्टींना लोक आता नाक मुरडतात. पण लेझमीच्या तासाला अख्खा वर्ग एकाच वेळी हलतो आणि मागे लपायला जागा राहत नाही. लेझमीची दहा मिनिटं झाल्यावर पोरांचे सदरे बघा, ओले असतात.

मोजताना आणखी एक नोंद ठेवा: तास झाला का. वेळापत्रकात पीटी असते आणि गणिताचे सर पोर्शन राहिलाय म्हणून घेऊन जातात. स्कॉलरशिपचे जादा तास, चाचणी, सरांना निवडणुकीचं काम, कुणी रजेवर असलं की पीटीचे सर बदलीवर. शिपाई मामांना विचारा. कुठला वर्ग खाली उतरला आणि कुठला नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

---

आरोग्य_अभ्यासक

सरांनी आतली गोष्ट सांगितली. मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, तर मोजण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते.

पहिल्यांदा साठ मिनिटांचा उगम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोरकस हालचाल आणि हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम असावेत. ही साठ मिनिटं मुलाच्या अख्ख्या दिवसाची आहेत. घर, गल्ली, शाळेची पायी वाट, सगळं त्यात येतं. शाळेने एकटीने ती भरावीत अशी अपेक्षा नाही. पण तुमची ७० मिनिटं आठवड्याच्या ४२० मिनिटांच्या एक षष्ठांश होतात, तीही एकूण एक मिनिट मूल पळत राहिलं तर. हे तुमच्या सभेत नक्की सांगा.

मध्यम म्हणजे काय हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्या वेळी मुलाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरकस हालचालीत चार शब्द बोलले की दम घ्यावा लागतो.

आता तासाचं निरीक्षण. यासाठी 'सोफिट' नावाची पद्धत आहे. १९९१ मध्ये मॅकेन्झी, सॅलिस आणि नेडर या अमेरिकी संशोधकांनी ती प्रसिद्ध केली आणि आजही वापरात आहे. कागद, पेन आणि घड्याळ एवढ्यावर होते. वर्गातली चार मुलं चिठ्ठ्या टाकून निवडायची. चिठ्ठ्याच टाकायच्या, नाहीतर आपली नजर आपोआप पळणाऱ्या पोरांवर जाते. दहा सेकंद एका मुलाकडे बघायचं, पुढच्या दहा सेकंदांत लिहायचं. आडवं पडलंय, बसलंय, उभं आहे, चालतंय, की त्याहून जोरात हालचाल करतंय. पाचांपैकी एक आकडा. चार मिनिटांनी दुसरं मूल. मिनिटाला तीन नोंदी होतात. शेवटी चालणं आणि जोरातली हालचाल या दोन आकड्यांचं प्रमाण काढायचं. त्यासोबत त्या क्षणी वर्गात काय चाललंय तेही लिहायचं: रांगा आणि हजेरी, तोंडी माहिती, व्यायाम, कौशल्याचा सराव, की खेळ. मेधाताईंनी सांगितलेली जिना आणि रांगांची मिनिटं या दुसऱ्या रकान्यात उघडी पडतात. तास कधी सुरू झाला धरायचा याचाही नियम आहे: निम्म्याहून जास्त मुलं मैदानावर पोचली की सुरू, निम्म्याहून जास्त निघाली की संपला. पीटीच्या तासाचा किमान निम्मा वेळ मुलं अशा हालचालीत असावीत, असा निकष अमेरिकेत बराच काळ वापरला गेला आहे. तो आपल्यालाही चालेल.

मधल्या सुट्टीसाठी त्याच गटाची 'सोप्ले' ही पद्धत आहे. इथे एकेका मुलाकडे बघत नाहीत. मैदानाचे भाग पाडायचे आणि ठराविक वेळाने डावीकडून उजवीकडे एक नजर फिरवत मोजायचं: किती बसलेत किंवा उभे आहेत, किती चालताहेत, किती पळताहेत. एकदा मुलींसाठी, एकदा मुलग्यांसाठी. शिवाय त्या भागात तेव्हा जाता येत होतं का, तो वापरण्याजोगा होता का, देखरेखीला कुणी होतं का, साहित्य ठेवलेलं होतं का, हेही टिपायचं. शाळा काय देते हा तुमचा मूळ प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर या शेवटच्या नोंदींत आहे.

मुलींची मोजणी वेगळी ठेवाच. ११ ते १७ वयोगटाचा १४६ देशांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, २०१६ सालच्या स्थितीबद्दल. जगभरात त्या वयाची ८१ टक्के मुलं शिफारशीपेक्षा कमी हालचाल करत होती: मुलींत ८५ टक्के, मुलग्यांत ७८. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के होता. जगाहून बरा, पण चारातली तीन मुलं म्हणजे कौतुकाची गोष्ट नव्हे. ती माहिती मुख्यतः शाळांत मुलांना विचारून गोळा केलेली आहे: गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही किमान साठ मिनिटं हालचाल केलीत? हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता, फक्त चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नका.

जिना मोजू नका. तो शाळेने दिलेला खेळ नाही.

---

गोवंडीच्या_बाई

मी मनपा शाळेत शिकवते. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. वरच्या सगळ्या चर्चेत मैदान आहे हे गृहीत धरलंय. यू-डायस म्हणजे सरकार दर शाळेकडून भरून घेतं त्या माहितीत आम्ही मैदान आहे की नाही ते भरतो. आमच्याकडे ते 'आहे'. इमारतीला लागून पेव्हर ब्लॉकचं आवार आहे, एकाच इमारतीत दोन माध्यमं, दोन पाळ्या. सकाळची पाळी सुटते आणि दुपारची आत येते तेव्हा त्या आवारात उभं राहायला जागा नसते. जूनपासून ब्लॉकवर शेवाळ धरतं, पोरं घसरतात, एकाचा हात मोडल्यावर पावसाळ्यात खाली उतरणं बंद झालं. शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान आणि वर्गाला खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही लिहिलेला आहे. म्हणून मोजताना 'मैदान आहे' एवढ्यावर थांबू नका. एका वेळी किती तुकड्या उतरतात, चालू चेंडू किती, पावसाच्या चार महिन्यांत काय केलं जातं, हे लिहा. मुंबईतल्या शाळेचा पावसाळा वगळून काढलेला आकडा खोटा असतो.

आम्ही काय करतो तेही सांगते. वर्गातले बाक भिंतीला लावायचे, अर्ध्या मुलांनी मध्ये यायचं, अर्ध्यांनी बाकांजवळ जागच्या जागी. सूर्यनमस्कार, दोरीशिवाय दोरीच्या उड्या, एका पायावर तोल. मधल्या जागेत लंगडी. खालच्या मजल्यावरून तक्रार येते. तेव्हा मी खाली जाऊन सांगते की तुमचा वर्ग उड्या मारेल तेव्हा मीही ऐकून घेईन.

---

मेधा_विक्रोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही चार पालक मिळून हे केलं. मुलीचा वर्ग मी स्वतः घेतला नाही, दुसऱ्या पालकांकडे दिला, म्हणजे माझी नजर लेकीवर अडकायला नको. सहावीच्या दोन्ही तुकड्या बघितल्या. पीटीच्या सरांना आधी भेटलो. ते सुरुवातीला जरा ताठच होते. मग परळच्या सरांची पोस्ट मोबाइलवर वाचायला दिली, शेवटपर्यंत वाचली त्यांनी. म्हणाले, "क्रिकेट बंद केलं तर मुलगे मला सोडणार नाहीत."

माझ्या वाट्याला आलेला तास सांगते. निम्मी तुकडी खाली पोचेपर्यंत आठ मिनिटं गेली, आणि घंटेच्या पाच मिनिटं आधी रांगा लागल्या. राहिली २२ मिनिटं. माझ्या चिठ्ठ्यांत दोन मुली, दोन मुलगे निघाले. मला वाटलं होतं मुलग्यांचे आकडे मुलींहून बरेच वर जातील. पण त्यातला एक सीमारेषेवर क्षेत्ररक्षणाला होता आणि त्याच्या नावापुढे जवळपास सगळीकडे 'उभा' लागलं. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. डॉजबॉलमधली एक मुलगी शेवटपर्यंत बाद झाली नाही, सगळ्यांत जास्त हालचाल तिचीच. चौघांचं मिळून मैदानावरच्या वेळेपैकी एक तृतीयांशाच्या आसपास आलं, म्हणजे वेळापत्रकातल्या ३५ मिनिटांतून मुलाच्या अंगाला सात-साडेसात मिनिटं लागली. हा एका तासाचा आकडा आहे, इतर पालकांचे थोडे वर-खाली आहेत. पण निम्म्यापर्यंत एकही तास पोचला नाही.

मधल्या सुट्टीने मात्र मला चकित केलं. डबा संपल्यावर मुली तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात साखळी खेळतात. पायरीवर बसलेल्या त्याच मुली, त्याच पिनाफोरमध्ये, हातात हात धरून अख्खा व्हरांडा झाडल्यासारख्या पळत होत्या. माझी लेक टोकाला होती, केस सुटलेले, तोंड लाल. मी तिला असं शाळेत कधी बघितलंच नव्हतं. त्या नजरफेरीत पळणाऱ्या मुलींची संख्या पीटीच्या तासाहून किती तरी जास्त आली. आणि भिंतीवर पाटी आहे: 'व्हरांड्यात धावू नये.' बाई बाहेर आल्या की सगळ्या थिजतात. मैदान त्या वेळी कुलूपबंद असतं, कारण देखरेखीला कुणी नाही.

म्हणजे आमच्या शाळेत मुली सगळ्यांत जास्त हलतात ती वेळ शाळेच्या कुठल्याच हिशेबात नाही, आणि तिथे त्यांना ओरडा बसतो. याचा मला फार त्रास झाला. बाईंना मी तेच शब्द सांगितले. त्यांनी कागद दोनदा वाचला. फॉर्ममध्ये त्या साठ मिनिटं भरणार नाहीत, आमचा आकडा भरतील. डब्यानंतरची १५ मिनिटं मैदानाचं कुलूप उघडायचं आणि देखरेखीला आळीपाळीने दोन पालक, एवढं त्यांनी कबूल केलंय. पावसात काय, यासाठी गोवंडीच्या बाईंची पोस्ट त्यांना पाठवली आहे. पीटीच्या ड्रेसचा वार बदलणं मात्र अडलंय. दोन तास दोन वेगळ्या वारी येतात आणि कपडे वाळत नाहीत असं काही पालकांचं म्हणणं, जे मुंबईच्या पावसाळ्यात खोटं नाही.

एक विचारायचं राहिलं. कागदावर मी दोन्ही तास ३५ मिनिटांचे धरले होते, पण शनिवारी अर्धी शाळा असते, तास प्रत्यक्षात २५ मिनिटांचे. तो पीटीचा तास वेगळा धरायचा का?

---

आरोग्य_अभ्यासक

वेगळाच धरा आणि त्या दिवशीचं निरीक्षणही वेगळं करा. त्या दिवशी मुली पीटीच्या ड्रेसमध्ये असतात ना? मग मंगळवार आणि शनिवारचे मुलींचे आकडे शेजारी ठेवा. फरक मोठा निघाला तर ड्रेसबद्दल पालकांशी बोलताना तोच कागद पुढे करता येईल.

---

परळचे_पीटी_सर

ड्रेस वाळत नसेल तर ड्रेस नकोच. पिनाफोरच्या आत ट्रॅक पँट आणि पायात कॅनव्हासचे बूट, मंगळवारी एवढीच परवानगी मागा. आमच्याकडे मुलींनी हेच मागितलं होतं आणि मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात सही केली. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. मुलगे क्रिकेटसाठी भांडले तर सहा-सहाचे संघ करा, मऊ चेंडू, आणि दर सहा चेंडूंनी फलंदाज बदला. एका मैदानात तसे तीन डाव बसतात, नववीला थोडं सरकायला सांगा.